शाल-श्रीफळाआधी दहा तास द्या : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : हिंदी चित्रपटांचे दिग्दर्शक, संगीतकार, संगीत-संयोजक (अरेंजर) व वादक यांच्याशी दीर्घ संभाषणे ध्वनिमुद्रित करून ती जतन करण्याबाबत.

सन्माननीय मंत्रिमहोदय,

आमच्या सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. उंच भिंतींच्या तुरुंगाऐवजी कैद्यांनी मोकळ्या रानात शेती करून राहावे, हा प्रयोग औंध संस्थानने १९३९ साली पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने तेथे सुरू केला. त्याच परिसरातल्या शेटफळे गावी जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा रचली, व्ही. शांताराम यांनी तिच्यावरून १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला आणि पुढच्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले. भरत व्यास यांनी लिहिलेली आणि वसंत देसाई यांनी चाल दिलेली त्यातली प्रार्थना आम्ही शाळेच्या मैदानावर, उन्हात डोळे मिचकावत, वर्षानुवर्षे म्हटली. ज्या मातीतून ती निघाली ती आपल्याच जिल्ह्यातली आहे, हे आमच्यापैकी कोणालाही तेव्हा ठाऊक नव्हते आणि सांगणाराही कोणी भेटला नाही.

या प्रार्थनेविषयी मला विचारायचे होते ते अगदी साधे होते. शब्द आधी आले की चाल आधी? इतकी सरळ, कोणालाही पेलणारी चाल हवी हा आग्रह दिग्दर्शकाचा होता की संगीतकाराचा? प्रभात कंपनीत पोरसवदा वयात पडेल ते काम करत शिकलेल्या वसंतरावांना शांतारामबापूंनी पहिली चाल ऐकताच होकार दिला, की दहा चाली परत पाठवल्या? माडगूळकर स्वतः एवढे मोठे गीतकार असताना गीते भरत व्यासांकडे कशी गेली, आणि सिटिंगला, म्हणजे चाल बांधायच्या बैठकीला, चौघे एकत्र बसत तेव्हा खोलीत काय बोलणे होई? वसंत देसाई १९७५ मध्ये गेले, माडगूळकर १९७७ मध्ये, भरत व्यास १९८२ मध्ये आणि शांताराम १९९० मध्ये. आता हे प्रश्न घेऊन जायला दारच उरलेले नाही.

आपले शासन या क्षेत्राची उपेक्षा करते असा माझा आरोप नाही. चित्रपती व्ही. शांताराम, राज कपूर आणि लता मंगेशकर यांच्या नावांचे राज्य पुरस्कार आपल्याच विभागामार्फत दिले जातात, आणि ते घेणाऱ्यांच्या यादीत या व्यवसायातली मोठी माणसे आहेत. परंतु पुरस्काराच्या त्या संध्याकाळी नेमके काय होते, ते आपण माझ्यापेक्षा अधिक जवळून पाहिले आहे. मानपत्राचे वाचन, चित्रफीत, शाल, श्रीफळ, मान्यवरांची मनोगते, आणि सर्वांत शेवटी, सभागृह घड्याळाकडे पाहू लागलेले असताना, सत्कारमूर्तीला मिळणारी पाच मिनिटे. पन्नास वर्षे गाणी घडवलेला माणूस त्या पाच मिनिटांत आभार मानतो आणि खाली बसतो.

प्रकट मुलाखतींची परंपरा आपल्याकडे जुनी आहे हे मान्य. सांगली तर नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली येथे 'सीता स्वयंवर' रंगवले तेव्हापासून या गावाला मंचावरच्या माणसाचे वेड आहे आणि कोणी सिनेमातले येणार म्हटले की भावे नाट्यमंदिरात खुर्ची मिळणे कठीण होते. मीही त्या गर्दीत असतो. पण प्रकट मुलाखतीचा खरा धनी टाळी असते. वक्त्याला कुठल्या किश्शाला हशा येतो हे पाठ असते, मुलाखतकाराला ते माहीत असते, आणि दोघे मिळून तोच किस्सा नव्याने आठवल्यासारखा करतात. 'तुमचे आवडते गायक कोण?' या प्रश्नाचे उत्तर गेली चाळीस वर्षे मी ऐकत आलो आहे. त्यातून हिंदी चित्रपटसंगीताबद्दल काडीचीही नवी माहिती मला मिळालेली नाही.

मी ज्या संभाषणाची मागणी करतो आहे ते याहून वेगळे आहे. विचारणाऱ्याने त्या माणसाचे सगळे काम आधी पाहिलेले आणि ऐकलेले असावे, समोर ध्वनिमुद्रिका लावून एखाद्या अंतऱ्याआधीच्या तुकड्यावर बोट ठेवून 'ही बासरी येथे का आली?' असे विचारता यावे, आणि प्रेक्षक नसावेत. गुरुदत्त १९६४ साली अवघ्या ३९ व्या वर्षी गेले. त्यांच्याबद्दल आज आपल्याला जे बारकाईने कळते त्यातले बरेचसे माहितीपटकार नसरीन मुन्नी कबीर यांनी पुढे पाव शतकाने त्यांच्या सहकाऱ्यांना शोधून, बोलते करून मिळवले आहे. गुरुदत्तांच्या 'कागज के फूल'मधल्या गाजलेल्या गाण्यात रिकाम्या स्टुडिओत उतरणारा प्रकाशाचा झोत म्हणजे बाहेरचे ऊन आरशांवरून आत आणलेले होते, हे छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी सांगितले म्हणून आपल्याला समजले. सचिनदेव बर्मन यांची चाल, गीता दत्त यांचा आवाज आणि बाहेरून आणलेले ते ऊन या तिन्हींचा मेळ पडद्यावर दिसतो. तो कसा जमला हे पडदा सांगत नाही.

वादकांची कथा तर आणखी विचित्र आहे. १९४९ साली 'महल' आला तेव्हा त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेच्या नावाच्या जागी पात्राचे नाव, 'कामिनी', छापलेले होते, आणि आवाज कोणाचा अशी विचारणा श्रोत्यांनी रेडिओकडे केली. जेथे लता मंगेशकरांच्या नावाची ही अवस्था होती, तेथे व्हायोलिनच्या तिसऱ्या रांगेत बसलेल्या माणसाला कोण विचारतो? आणि त्या काळात गाणे सबंधच्या सबंध एकदम मुद्रित होत असे. महालक्ष्मीचे फेमस, ताडदेवचे फिल्म सेंटर, वांद्र्याचे मेहबूब अशा हॉलमध्ये साठ-सत्तर वादक, प्रसंगी त्याहून जास्त, एकत्र बसत. मॉनिटरवर मॉनिटर, म्हणजे तालमींवर तालमी, होत. आणि टेक, म्हणजे प्रत्यक्ष मुद्रण, चालू असताना शेवटच्या ओळीत एका ट्रम्पेटचा सूर घसरला तरी सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे संयोजक पाश्चात्त्य स्वरलिपीत प्रत्येक वाद्याचा कागद लिहीत, आणि काम संपले की त्या कागदांची बहुधा रद्दीच होई. पुढे प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित करणारा मल्टिट्रॅक आला, मग सिंथेसायझर आणि संगणक आले, आणि ही सगळी रांग घरी बसली. तिची सविस्तर हकीकत गोळा करून २००८ साली पुस्तकरूपाने मांडली ती ऑकलंड विद्यापीठातले अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी. ते न्यूझीलंडहून आले आणि वादकांच्या घरी बसून त्यांनी विचारले. मुंबई आपल्या राज्याची राजधानी आहे, एवढेच येथे नमूद करतो.

काम अजिबात झालेले नाही असेही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९८० च्या दशकात जुन्या कलावंतांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या, विविध भारतीच्या 'उजाले उनकी यादों के'ने कित्येक आठवडे एकाच पाहुण्याला बोलू दिले, आणि कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी हिंदी चित्रगीतांचे कोश जवळजवळ एकहाती सिद्ध केले. मराठीत इसाक मुजावर आणि शिरीष कणेकर यांनी वाचकांना या जगाची गोडी लावली. मात्र राज्य शासनाचे म्हणून असे एकही दालन नाही, जेथे एखादा विद्यार्थी जाऊन ही संभाषणे संपूर्ण, विनासंपादित ऐकू शकेल.

आता स्वतःचा एक अनुभव सांगतो, कारण त्याशिवाय हे पत्र लिहिण्याचा अधिकार मला नाही. आम्ही काही मित्र सांगलीत महिन्यातून एकदा जुन्या तबकड्या ऐकायला जमतो. आमच्यापैकी एकाला कळले की मिरजेत एक वृद्ध व्हायोलिनवादक राहतात, जे साठ-सत्तरच्या दशकांत मुंबईत रेकॉर्डिंगला वाजवत असत. मिरजेत असे कोणी भेटणे नवलाचे नाही. सतार आणि तंबोरे घडवणारी घरे असलेले आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची समाधी सांभाळणारे ते गाव आहे. आम्ही गेलो, मोबाइल टेबलावर ठेवला आणि चाळीस मिनिटे ते बोलले. स्वरलिपी आपण शेजारच्या खुर्चीवरच्या गोवेकर वादकाकडून लोकलच्या प्रवासात शिकलो, आपण कोणत्या चित्रपटासाठी वाजवतो आहोत हे बहुतेक वेळा आपल्याला माहीतच नसे, आणि पुढे कधी थिएटरात बसल्यावर स्वतःचाच तुकडा कानावर येऊन दचकायला होई, असे त्यांनी सांगितले. मी एक गाणे लावले, तर ते पडद्यावरच्या नायिकेविषयी काहीच बोलले नाहीत. 'येथे चेलो जरा मागे आहे' एवढेच म्हणाले. त्या एका वाक्यासाठी मी पुन्हा दहा वेळा मिरजेला गेलो असतो.

पुढच्या बैठकांसाठी चांगले ध्वनिमुद्रण यंत्र आणि उतरवून घेणाऱ्याचे मानधन मिळावे म्हणून आम्ही एका सरकारी कार्यालयाकडे अर्ज केला. उत्तर आले ते असे की, अनुदान कार्यक्रमांना देय असल्याने कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका, प्रमुख पाहुण्यांची संमती आणि अपेक्षित प्रेक्षकसंख्या अर्जासोबत जोडावी. दोन म्हातारी माणसे बंद खोलीत बोलणार, या कार्यक्रमाची प्रेक्षकसंख्या शून्य असते आणि ती शून्यच असायला हवी, हे त्या नमुन्यात कोठे लिहायचे ते आम्हाला सुचले नाही. आम्ही पत्रापत्रीत गुंतलेलो असतानाच ते गृहस्थ वारले.

म्हणून माझी मागणी एकच आहे. शासन ज्या कोणाला चित्रपट वा संगीतासाठी पुरस्कार जाहीर करील, त्या व्यक्तीशी पुरस्कारप्रदानाच्या आधी किमान दहा तासांचे, चार-पाच बैठकांत विभागलेले संभाषण ध्वनिमुद्रित करणे बंधनकारक करावे. त्यासाठी नवे महामंडळ नको. चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ आहेच, आणि आमच्या भागापुरते बोलायचे तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्राचा विभागही आहे. पुरस्कारप्राप्तांच्या यादीला वादक, ध्वनिमुद्रक आणि संयोजक यांची जोड द्यावी, कारण पुरस्कार त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचतो. एक सावधगिरी मात्र हवी. सिनेमातला माणूस गोष्ट रंगवून सांगतो, तो त्याचा धर्मच आहे. तेव्हा एकाच प्रसंगाबद्दल दोघा-तिघांना स्वतंत्रपणे विचारावे आणि जबान्या जुळल्या नाहीत तर तशाच ठेवाव्यात. संपादन करून गुळगुळीत केलेली तीस मिनिटांची फीत आम्हाला नको.

गाणी वाजवून बोलायचे तर हक्कांचा प्रश्न येईल, असे आपले अधिकारी सांगतील. तो प्रश्न खरा आहे, पण अडून बसण्याजोगा नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणजे पन्नाशीच्या दशकातल्या तबकड्या त्यातून मोकळ्या झालेल्या आहेत. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो, आणि त्याबाबत हक्कधारकांशी एकदाच करार करणे शासनाला जड नाही.

दिग्दर्शकांचे म्हणाल तर ते आमच्या अंगणातच येतात. शेजारच्या सातारा जिल्ह्यात वाई आणि मेणवलीच्या घाटांवर 'स्वदेस' झाला, 'गंगाजल' झाला. कृष्णाकाठची ही गावे पडद्यावर उत्तरेतली होऊन गेली. त्यांना चित्रीकरणाची परवानगी शासनच देते. त्याच परवानगीत एक दुपार मागून घेतली, आणि या घाटावर उत्तरेकडची बोली आणि त्या बोलीचे गाणे बसवताना कोणत्या अडचणी आल्या असे एखाद्या जाणकाराने विचारले, तर कोणता दिग्दर्शक नाही म्हणेल? मला तर वाटते, असा प्रश्न त्यांना कोणी विचारलेलाच नसतो म्हणून ते तेच ते किस्से सांगतात.

वेळेचा हिशेब आपणच करावा. पॅरिसमध्ये संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांच्याकडे शिकून आलेले आणि श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांना संगीत देणारे वनराज भाटिया २०२१ मध्ये गेले. लता मंगेशकर २०२२ मध्ये गेल्या. १९५२ पासून रेडिओ सिलोनवरून आम्हाला दर आठवड्याला गाण्यांची उतरंड ऐकवणारे अमीन सयानी फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि स्वतः बेनेगल त्याच वर्षीच्या डिसेंबरात गेले. या साऱ्यांच्या मुलाखती आहेत. पण बेनेगल आणि भाटिया यांना एका टेबलाशी बसवून, एकेक चित्रपट रीळ-रीळ थांबवत, पार्श्वसंगीत कोठे सुरू करायचे आणि कोठे गप्प राहायचे यावर त्यांना भांडू देण्याची संधी आता नाही.

जाता जाता एक व्यावहारिक विचारणा. मिरजेचे ते व्हायोलिनवादक प्रत्येक वर्षी खिशातल्या डायरीत रेकॉर्डिंगची नोंद ठेवत. त्यांच्या पश्चात बाकीच्या डायऱ्या रद्दीत गेल्या. १९६८ सालची एकच माझ्या हाती लागली. तारीख, हॉल, संगीतकाराचे नाव आणि मिळालेली रक्कम असे चार रकाने तिच्यात आहेत, गाण्याचा रकाना नाही. तारखा जुळवून गाणी ओळखता येतील, पण ते काम माझ्या आवाक्याबाहेरचे आहे आणि शाई फिकी होत चालली आहे. ही डायरी आपल्या विभागात कोणाकडे आणि कोणत्या नोंदवहीत जमा करावी, एवढे कृपया कळवावे. मी स्वतः घेऊन येईन.

आपला,
गावभागातील एक श्रोता,
सांगली