कळसूबाईच्या वाटेवरच्या अनोळखी माणसांनो

गेल्या रविवारी कळसूबाईच्या माथ्यावर, देवीच्या देवळासमोर उभी राहिले. १६४६ मीटर! दीड वर्षापूर्वी दुसरा मजला चढताना मला जिन्यातच बसावं लागायचं.

वजन २६ किलोंनी उतरलं ते घरच्याच जेवणावर. रात्री साडेसातला ताट, भाताऐवजी ज्वारीची भाकरी, बिनसाखरेचा चहा आणि रोजचं चालणं. पण ते चालणं टिकलं ते टेकडीवरच्या आजोबांमुळे. “आज त्या बाकापर्यंत, उद्या पुढच्या” म्हणत ते माझ्या संथ चालीने चालायचे. आजोबा, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

पायथ्याच्या बारी गावाहून कळसूबाई चढताना लोखंडी शिडीवर माझे पाय लटपटले. “ताई, खाली बघू नका. मी मागे आहे,” म्हणणाऱ्या दादा, तो आवाज अजून कानात आहे. मागे रांग लागली होती, पण कुणीही घाई केली नाही. त्या सगळ्यांचेही मनापासून आभार.

आणि लिंबू सरबत देऊन “पैसे उतरताना द्या, आधी दर्शन घ्या” म्हणणाऱ्या मावशी, उतरताना तुम्हाला शोधलं हो. टपरी बंद झाली होती. पुढच्या महिन्यात आईला घेऊन येतेय, तेव्हा नक्की भेटा.