एम्प्रेस गार्डन पुष्पप्रदर्शन : आपल्या गटासाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरणारं पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जवळ आलं आहे. आपण सगळे येत्या रविवारी सकाळी ९ वाजता रेसकोर्सजवळच्या बागेच्या मुख्य फाटकापाशी भेटू. उशीर करू नका, दुपारी पाय ठेवायला जागा नसते.

स्पर्धेत कुंड्या मांडणाऱ्यांसाठी :

• कुंडीच्या काठावरचा पांढरा क्षार घासून काढा. पानं ओल्या फडक्याने पुसा, तेल लावून चकचकीत करू नका.
• गुलाब पहाटेच तोडा, अर्धवट उमललेला, लांब देठाचा. लगेच बादलीभर पाण्यात ठेवा. दांडीवर जातीच्या नावाची चिठ्ठी हवीच.
• आदल्या दिवशी रोपवाटिकेतून आणलेलं झाड आपलं म्हणून मांडायचं नाही. यावर चर्चा नको.

बाकीच्यांनी फुलांचे फोटो काढून परतू नये. उद्यानरचनेचे नमुने निवांत बघा : उंच झाडं मागे, बुटकी पुढे, पायवाट कुठे वळवली आहे. आपल्या गच्चीच्या कोपऱ्यालाही तेच लागू पडतं. बोन्साय आणि पुष्परचनेचे विभागही चुकवू नका.

तिकीट ज्याचं त्याने काढायचं. पाण्याची बाटली आणि कापडी पिशवी आणा. बियाणं घेतल्याशिवाय कोणी परतत नाही. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत गटावर नाव कळवा.