केशरी लघवी आणि चार गोळ्या

प्रिय पक्या,

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि झोपच लागेना. "दीड महिना झाला, खोकला गेला, ताप नाही, वजन पण दोन किलो वाढलं, आता कशाला त्या टीबीच्या गोळ्या" असं तू इतक्या आरामात म्हणालास की मला धड काही बोलताच आलं नाही, नुसता ओरडलो तुझ्यावर. सॉरी रे. म्हणून आता लिहितोय, लिहिताना तुला मध्ये तोंड घालता येत नाही एवढा तरी फायदा.

मला 2019 ला टीबी झालेला हे तुला माहितीये, पण आतली भानगड मी कोणालाच सांगितली नव्हती. ऑफिसात न्यूमोनिया सांगितलेला, आईने शेजारच्यांना "वीकनेस आहे" म्हणून कटवलेलं. त्याआधी दोन महिने मी नुसता खोकत होतो आणि आमच्या कोपऱ्यावरचे डॉक्टर दर वेळी पाच दिवसांची लिव्होफ्लॉक्सॅसिन नावाची अँटिबायोटिक द्यायचे. घेतली की बरं वाटायचं, संपली की आठवड्यात परत तेच. असं तीनदा झालं. नंतर कळलं की ते औषध टीबीच्या जंतूवर पण थोडंफार चालतं, त्यामुळे आजार मरत नाही, नुसता दबून बसतो आणि निदान लांबतं. माझा अजून राग गेला नाहीये त्या गोष्टीवरचा. शेवटी एकदा बेसिनमध्ये बेडक्यात रक्ताची रेघ दिसली तेव्हा सरकारी दवाखान्यात गेलो, सीबीनॅट केली. ती टेस्ट मशीनमध्ये दोन तासांत सांगते की टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का. तुझी पण तीच केली ना?

पहिल्या दिवशी उपाशीपोटी चार गोळ्या घेतल्या (वजनावर असतं ते, मी तेव्हा 52 किलो होतो) आणि दुपारी बाथरूममध्ये गेलो तर लघवी अक्षरशः नागपूरच्या संत्र्याचा रस! मला वाटलं किडनी गेली. दवाखान्यातल्या ताई फोनवर हसल्या, म्हणे "अहो, रिफाम्पिसिन आहे ते, रंग आला म्हणजे औषध पोटात गेलं". मग घाम केशरी, पांढऱ्या बनियनला काखेत डाग, आई ते घासून घासून दमली. हे औषध मुळात फ्रान्समधल्या समुद्रकिनाऱ्याजवळच्या पाइनच्या जंगलातल्या मातीतून आलंय, 1957 साली. मातीतल्या एका जंतूकडून मिळालेला पदार्थ मिलानच्या लॅबमध्ये सुधारून सुधारून गोळीत बसवला. ते जंतूचं जे मशीन डीएनएवरून आरएनए काढतं त्यालाच जाम करतं, म्हणजे जंतूला कुठलंच प्रोटीन बनवता येत नाही.

पण मला सगळ्यात भारी वाटलं ते दुसरं औषध, आयसोनियाझिड. टीबीच्या जंतूभोवती मेणकट आवरण असतं, रेनकोटसारखं, त्यामुळेच बाकीची बरीच औषधं त्याच्यापुढे फिकी पडतात. आयसोनियाझिड तो रेनकोटच विणू देत नाही. आणि गंमत अशी की गोळी आत जाते तेव्हा ती निरुपद्रवी असते, जंतूचंच एक एन्झाइम तिला फोडून तिचं विष करतं. स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेलं मरण लेका! फक्त ती आपल्या शरीरातलं बी6 व्हिटॅमिन पण कमी करते, म्हणून हातापायाला मुंग्या येतात, तुला पायरिडॉक्सिनची, म्हणजे बी6चीच, वेगळी गोळी दिलीये ती त्यासाठी, ती टाकून देऊ नकोस. तिसरी पायराझिनामाइड, तिच्यामुळे युरिक अॅसिड वाढतं, माझे गुडघे म्हाताऱ्यासारखे कुरकुरायचे. चौथी इथॅम्ब्युटॉल, तिच्यामुळे डोळ्यांवर लक्ष ठेवायचं. लाल-हिरवा रंग फिका वाटला, वाचताना धूसर दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. तसंच मळमळ वाढत गेली, जेवण नकोसं झालं, डोळे पिवळे दिसले तर लिव्हरची तपासणी लगेच, कारण यातल्या तीन गोळ्या लिव्हरला त्रास देऊ शकतात. आणि त्या शनिवारच्या बैठका सहा महिने बंद म्हणजे बंद, एक पेग पण नाही.

आता मूळ मुद्दा. साधे जंतू वीसेक मिनिटांत दुप्पट होतात, हा टीबीचा भिडू जवळपास वीस तास घेतो. त्यातले जे धावपळ करतात ते पहिल्या काही आठवड्यांत मरतात, म्हणून तुझा खोकला गेला. उरलेत ते झोपाळू, अर्धवट सुस्त पडलेले, त्यांना गोळ्या धड लागतच नाहीत, एखादा जागा झाला की त्याला रिफाम्पिसिन पकडतं, असं एकेक करत सहा महिने जातात. दुसरं म्हणजे हिशोब. आयसोनियाझिडला जन्मतःच दाद न देणारा जंतू दहा लाखांत एखादा असतो, रिफाम्पिसिनला दहा कोटींत एखादा. फुप्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटींच्या वर जंतू असू शकतात, म्हणजे एकच गोळी दिली तर तिला पुरून उरणारे आधीच आत बसलेत. दोन्हींना पुरून उरणारा मात्र एकावर चौदा शून्यं इतक्यांत एखादा, तो तुझ्यात जवळपास नसणारच. म्हणून सगळ्या एकत्र आणि रोज. तू दोन दिवस घेतल्या, चार दिवस सोडल्या असं केलंस की तो हिशोबच मोडतो.

मग एमडीआर होतो, म्हणजे या दोन्ही मुख्य गोळ्या निकामी. त्याला पूर्वी कानामायसिनची इंजेक्शनं महिनोन्महिने द्यायचे. मुंबईची पत्रकार नंदिता वेंकटेशन, तिची काही चूक नसताना अशाच इंजेक्शनांनी तिचं ऐकू येणं गेलं. तिने आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिलेने मिळून बेडाक्विलीन या नव्या गोळीचं पेटंट भारतात वाढवून मिळू नये म्हणून अर्ज केला आणि मार्च 2023 मध्ये पेटंट ऑफिसने कंपनीचा दावा फेटाळला. ती गोळी जंतूचा वीजपुरवठाच तोडते. पण तुला त्या वाटेला जायचंच नाहीये, तुझ्या साध्या गोळ्या फुकट मिळतायत, वर सरकारच्या निक्षय योजनेचे महिन्याला 1000 रुपये, माझ्या वेळी 500 यायचे.

एक सांगतो, आनंदीबाई जोशी 1887 ला टीबीनेच गेल्या, एकवीस वर्षांच्या. रॉबर्ट कॉखने टीबीचा जंतू शोधून पाच वर्षं झाली होती, पण हातात औषध काहीच नव्हतं, पहिलं स्ट्रेप्टोमायसिन सापडलं 1943 ला. हे वाचलं तेव्हा मी माझी उरलेली स्ट्रिप शांतपणे घेतली होती.

आणि ते ताट-वाटी वेगळी ठेवणं बंद कर. वहिनी रडवेली झालीये. हा आजार हवेतून पसरतो, भांड्यातून नाही. पन्नाशीच्या दशकात मद्रासला पेशंटचे दोन गट करून एकाला सॅनिटोरियममध्ये आणि एकाला घरीच ठेवून बघितलेलं, घरी राहणारे पण तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना काही जास्त लागण झाली नाही. 1959 ला ते छापून आलं. तू अजून पोरांपासून लांब झोपतोयस ते का, ते डॉक्टरांना सरळ विचार, बेडक्याचा रिपोर्ट दाखव आणि कधीपासून चालेल ते विचार.

दोन महिने झाले की परत बेडका तपासतील, ठीक असेल तर पायराझिनामाइड बंद होईल, तुझे गुडघे खूश. तोवर रोज सकाळी सातला माझा मिस्ड कॉल येईल, गोळ्या घेतल्यास की तू पण एक द्यायचा. नाही आला तर मी वहिनीला लावणार.

येत्या रविवारी येतोय. वहिनीला म्हणावं कटाची आमटी कर, आणि मला तुझ्याच त्या वेगळ्या काढलेल्या ताटात वाढायचं.

तुझाच,
दिल्या