भिरभिऱ्याच्या मधली गाठ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत बाळाच्या दुपट्यासाठी भिरभिऱ्याचा ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला नक्षीचा चौकोन, कसा जोडायचा त्याचा लेख आला होता. लेख आवडला, मापंही बरोबर होती. माझ्याकडे शिवणाच्या क्लासला येणाऱ्या तिघीजणी कात्रण घेऊनच आल्या आणि त्याच दिवशी कापड कापायला बसल्या. पण तिघींचाही ब्लॉक मध्ये टम्म वर आला, एकीची तर वॅडिंग (मधला मऊ थर) लावून टीप मारताना नेमकी तिथेच सुई तुटली, आणि तिघी एकच म्हणायला लागल्या की बाई आमचा हात अजून बसला नाही. हे ऐकून मला राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण मी स्वतः पट्टी लावून बघितलं, पाव इंचाचा दाब (शिवणीबाहेर उरणारं कापड) कुठेही हलला नव्हता. लेखात सगळ्या शिवणी गडद कापडाकडे वळवून इस्त्री करा असं दिलंय ना, अडचण तिथे आहे.

एकदा कागदावर काढून बघा. भिरभिऱ्यात चार चौकोन असतात आणि प्रत्येक चौकोनात दोन त्रिकोण, एक गडद एक फिका, म्हणजे मध्ये एका बिंदूला आठ टोकं येतात आणि प्रत्येक टोकाबरोबर त्याचा दोन्ही बाजूंचा दाब पण येतो. आता तिरक्या शिवणी गडदाकडे वळवल्या आणि सरळ शिवणी पण गडदाकडेच वळवल्या तर होतं काय, प्रत्येक गडद त्रिकोणाच्या पोटात दोन्हीकडून शिवणी जाऊन बसतात आणि फिका त्रिकोण रिकामाच राहतो. आणि दोन्ही अर्धे भाग जोडणारी शेवटची जी लांब आडवी शिवण असते तिला गडद बाजू कुठली सांगणार? अर्ध्या भागात गडद कापड वर असतं, अर्ध्या भागात खाली. एका घडीत ती गडदाकडे वळूच शकत नाही, मग बाई बिचारी ती कशीही एका बाजूला चेपते आणि सगळा ढीग मध्ये गोळा होतो.

मी करते ते असं. सहा इंची ब्लॉकसाठी दोन गडद दोन फिके असे ४ इंचाचे चौकोन घ्यायचे, गडदावर फिका उलटा ठेवून कर्णाची रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंनी पाव इंचावर टीप मारून रेघेवर कापायचं, असे चार चौकोन मिळतात. शिवण गडदाकडे वळवायची आणि मग चौकोन साडेतीन इंचाला छाटायचा, आधी छाटायचा नाही. बाहेर आलेले कोपऱ्यातले छोटे कान इथेच कापून टाका, हे खूप जणी विसरतात आणि मग तेच कान मध्ये जाऊन अडकतात. इस्त्री ठेवायची आणि उचलायची, घासायची नाही, तिरकी शिवण क्रॉसमध्ये, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी असते, ती ताणली की ब्लॉक वाकडा झालाच समजा.

मग दोन दोन चौकोन जोडायचे आणि ही सरळ शिवण फिक्याकडे वळवायची. हो, फिक्याकडे. दोन्ही जोड्यांत तसं केलं की त्या शिवणी आपोआप उलट दिशांना जातात आणि लांब शिवण घालताना एकमेकींत खाच बसल्यासारख्या बसतात, बोटाला कळतं, टाचणी पण नीट लागते. लांब शिवण झाली की खरं काम. ब्लॉक उलटा करा, लांब शिवणीच्या दाबात आधीच्या उभ्या शिवणीचे दोन-तीन टाके दिसतील, या बाजूला पण आणि त्या बाजूला पण, तेवढेच सीम रिपरने उसवायचे. लांब शिवणीच्या टाक्याला मात्र हात लावायचा नाही, तो तुटला तर मध्ये भोक पडेल. आता मध्यावर अंगठा ठेवून हलकेच फिरवा, लांब शिवणीचा अर्धा भाग वर जातो, अर्धा खाली, आणि आठही शिवणी एकाच दिशेने गोल बसतात. मागच्या बाजूला मध्ये एक इवलंसं भिरभिरं उमटतं! ते दिसलं की समजायचं जमलं. प्रत्येक त्रिकोणाच्या वाट्याला एकच शिवण येते. मग वाफेची इस्त्री आणि वर गरम असतानाच एखादी जाड लाकडी फळी दाबून ठेवायची, थंड होईपर्यंत.

फिकं कापड पातळ असेल तर त्याच्याखालून गडदाची सावली दिसते, तेव्हा तेवढा गडद दाब जरासा बारीक कापावा, पण टाक्याला अगदी चिकटून नको. दोरा बारीक सुती वापरा, जाड दोऱ्याने पण फुगवटा वाढतो.

काही जणी सगळ्या शिवणी उघड्या करून इस्त्री करतात. सपाट बसतं हे खरं, पण मग खाच बसत नाही, आणि शिवणीच्या खाचेतून टीप मारायला गेलं तर सुई नुसत्या दोऱ्यावर पडते. आठवड्याला दोनदा धुतल्या जाणाऱ्या बाळाच्या दुपट्याला मी ते कधीच करणार नाही. भिंतीवर लावायचं असेल तर करा.

आपल्या गोधडीत हा प्रश्नच यायचा नाही. माझी आजी जुन्या लुगड्यांचे थर अंथरून त्यावर तुकडे ठेवायची आणि धावदोऱ्याने सगळं एकत्र घालायची, तुकड्याला तुकडा टोकाला टोक लावून जोडलेलाच नसायचा. त्यामुळे घरात गोधडी शिवलेल्या बायकांना पण हा ब्लॉक नवीन असतो, आणि गाठ आली की त्या स्वतःलाच बोल लावतात.

तर विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत एक छोटी दुरुस्ती छापावी आणि ब्लॉकच्या मागच्या बाजूचा फोटो द्यावा. पुढच्या बाजूचे फोटो सगळीकडे असतात, शिकायला उलटी बाजूच लागते. हवा असेल तर माझ्या तिघींनी पुन्हा नव्याने केलेल्या ब्लॉकचा फोटो मी पाठवते, तिन्ही आता सपाट आहेत.

आपली नियमित वाचक,
शिवणक्लास चालवणारी एक बाई, सातारा