पेंचला तारकारेषा टिपणाऱ्या सदस्यांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,

अमावास्येची पेंचची सहल जवळ आली. तिथे आपण तारकारेषा, म्हणजे तारे सरकताना फोटोत उमटणाऱ्या त्यांच्या रेषा, टिपणार आहोत. जानेवारी २०२४ मध्ये पेंच भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं उद्यान, ठरलं. तिथला काळोख आपण जपायचा आहे, म्हणून फ्लॅश आणि पांढरी टॉर्च अजिबात नको. टॉर्चला लाल जिलेटिन लावून आणा.

ट्रायपॉड उजेडीच लावा. संधिप्रकाशात झाडं आणि पाण्याचा एक फोटो घ्या आणि नंतर कॅमेरा हलवू नका. रात्रीच्या फ्रेम त्याच फोटोवर बसवायच्या आहेत. तारे ज्याच्याभोवती फिरताना दिसतात तो ध्रुवतारा तिथे क्षितिजापासून जेमतेम २१-२२ अंशांवर दिसतो, म्हणजे हात लांब करून साधारण दोन मुठी वर. कॅमेऱ्याची सेटिंग सुरुवातीला अशी ठेवा: अ‍ॅपर्चर एफ २.८, आयएसओ १६००, प्रत्येक फ्रेम ३० सेकंदांची. सलग दोन तासांत सुमारे २४० फ्रेम आणि ३० अंशांचे कंस मिळतील. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (प्रत्येक लांब फ्रेमनंतर तिच्यातले ठिपके काढणारी कॅमेऱ्यातली सोय) आठवणीने बंद करा! मागे माझं चालू राहिलं, प्रत्येक फ्रेमनंतर खंड पडला आणि रेषा तुटक आल्या. अजून हळहळ वाटते.

भरलेल्या दोन बॅटऱ्या हव्यातच. लेन्सवर दव धरतं, कोरडं फडकं जवळ ठेवा. सफारीत जिप्सीतून उतरायचं नाही, तिथे कॅमेरा टेकवायला बीनबॅग वापरा.