ताटकळण्याची वही

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तयार कॉम्प्युटर मिळतो ना? मग एकेक भाग निवडण्यात तीन आठवडे का घालवतेस?" मी "नंतर सांगते" म्हणून विषय बदलला. उत्तर लांब होतं, आणि आई मागून माझ्या डोळ्यांबद्दल विचारत होती. आज दोघांनाही नीट लिहिते.

चित्रं काढायच्या आणि फिल्म कापायच्या माझ्या कामासाठी नवं मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा पहिले पंधरा दिवस मी काहीच निवडलं नाही. फक्त एक वही शेजारी ठेवली. काम करताना जिथे ताटकळावं लागलं, तिथे वेळ लिहायची, काय चाललं होतं ते लिहायचं आणि त्या क्षणी कोण दमलं होतं ते पाहून टिपायचं: प्रोसेसर (मशीनचा मेंदू), रॅम (चालू काम हाताशी ठेवायची जागा), ग्राफिक्स कार्ड (चित्रांचा हिशेब करणारा भाग) की डिस्क. कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, टास्क मॅनेजर, उघडी ठेवली की हे समोर दिसतं. त्याआधी मनात पक्कं होतं की सोळा कोअरचा मोठ्यात मोठा प्रोसेसर घ्यायचा. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला एकेक कामकरी. वहीने ते खोडून काढलं. सगळे कोअर पूर्ण ताकदीने राबत होते ते फक्त कापून झालेल्या फिल्मची शेवटची व्हिडिओ फाइल बनवताना, आणि ते काम मी रात्री लावून झोपते. दिवसाचा वेळ खात होती रॅम.

का ते सांगते. वीस बाय तीस इंचाचं चित्र छापायचं तर इंचाला 300 ठिपके धरतात. म्हणजे 6000 गुणिले 9000, पाच कोटी चाळीस लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याचे तीन रंग आणि एक पारदर्शकता, प्रत्येकाला एक बाइट. कॉम्प्युटरवर चित्र एकावर एक थर रचून काढतात, आणि असा एक पूर्ण भरलेला थर 216 एमबीचा होतो. माझ्या चित्रात तीस थर सहज असतात, म्हणजे साडेसहा जीबी. रंगांच्या बारीक छटांसाठी 16 बिटमध्ये, म्हणजे एकाऐवजी दोन बाइट वापरून काम केलं की त्याच्या दुप्पट. शिवाय मागे जाता यावं म्हणून सॉफ्टवेअर जुन्या पायऱ्याही धरून ठेवतं. जुन्या मशीनमध्ये रॅम 16 जीबी. ती भरली की उरलेलं डिस्कवर टाकायचं आणि लागेल तेव्हा परत आणायचं, हा खेळ सुरू होतो, आणि ब्रश हाताच्या मागे राहतो. रेघ ओढून झाली तरी ती अजून उमटतेच आहे, ही भावना चित्र काढणाऱ्याला फार त्रास देते. हाताला लय लागतच नाही.

म्हणून रॅम 64 जीबी, 32 च्या दोन पट्ट्या. दोन लावल्या की दोन्ही वाटांनी माहिती ये-जा करते. चार लावता येतात, पण डीडीआर-फाइव्ह या सध्याच्या प्रकारच्या रॅमच्या चार पट्ट्या एकत्र चालवताना त्यांचा वेग बहुतेक वेळा कमी करावा लागतो.

प्रोसेसर मग बारा कोअरचा घेतला, एएमडी कंपनीचा रायझन 9900 एक्स. ब्रशची एक रेघ मुख्यतः एकाच कोअरच्या वेगावर चालते, तिथे बारा आणि सोळा यांत फरक जाणवत नाही. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडायची मुख्य पाटी, एएम-फाइव्ह सॉकेटचा. सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा. याच्या आधीचं एएम-फोर 2016 मध्ये आलं आणि त्यात बसणारे नवे प्रोसेसर 2024 मध्येसुद्धा निघाले. एवढी वर्षं चालणारी बैठक असेल तर उद्या फक्त प्रोसेसर बदलून भागतं, बाकी मशीन तसंच राहतं. तयार मशीनमध्ये बोर्ड आणि पॉवर सप्लाय पुष्कळदा त्या कंपनीच्याच खास मापाचे असतात, मग एक भाग गेला की त्याच्या जोडीचा मिळवताना दमछाक होते. बाबा, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

ग्राफिक्स कार्डवर माझ्या सगळ्यात जास्त रात्री गेल्या. कॅमेरा व्हिडिओ साठवतो तेव्हा बहुतेक वेळा प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही, आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच ठेवतो. त्यामुळे मधलं एक चित्र दाखवायचं तरी त्याच्या आजूबाजूची उलगडावी लागतात. हे उलगडायला चिपमध्ये वेगळी जागा राखलेली असते. माझा कॅमेरा 10 बिट, 4:2:2 या प्रकारात चित्रण करतो. त्यात रंगाची माहिती जास्त असते, म्हणून रंग दुरुस्त करताना आकाशात पट्टे पडत नाहीत. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला हा प्रकार काही वर्षांपासून उलगडता येतो, एनव्हिडियाच्या कार्डांना मात्र 2025 च्या 50 मालिकेपर्यंत येत नव्हता. म्हणून मी बरेच दिवस इंटेलकडे झुकले होते. शेवटी 50 मालिकेतलं 5070 टीआय घेतलं आणि तो प्रश्न कार्डावरच सुटला. त्याची स्वतःची मेमरी 16 जीबी आहे, आणि वेगापेक्षा मी आधी तोच आकडा पाहिला. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमधलं दृश्य कार्डाच्या मेमरीत मावलं नाही तर काम एकदम मंदावतं किंवा अडून बसतं.

पॉवर सप्लायवर कोणी बोलत नाही. मी बोलते, कारण मागच्या मशीनमधला स्वस्तातला सप्लाय एका संध्याकाळी जळाला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. अर्धी कापलेली फिल्म डिस्कवर सुखरूप होती, पण चार दिवस ती उघडायला मशीनच नव्हतं. या वेळी हिशेब मांडला: कार्ड 300 वॉट, प्रोसेसर जोरात असताना 160 च्या आसपास, बाकी सगळं मिळून शंभरच्या आत. म्हणून 850 वॉटचा, गोल्ड दर्जाचा, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा घेतला. पूर्ण क्षमतेच्या बराच खाली चालला की तो कमी तापतो आणि त्याचा पंखाही शांत राहतो. आवाजाचं काम करताना ही शांतता मला लागते.

कॅबिनेट पुढून जाळीचं, कूलर हवेचा. त्यात फार डोकं घातलं नाही. कार्डाची लांबी आणि कूलरची उंची मावते एवढं मोजून घेतलं.

आई, आता तुझ्या प्रश्नाकडे येते. लोकरीचे दोन गुंडे दिव्याखाली सारखे वाटले तरी तू दारात नेऊन उजेडात धरायचीस, आठवतं? दिवसाच्या उजेडात एक हिरवट निघायचा. मॉनिटरचंही तसंच आहे. प्रत्येक मॉनिटरचा पांढरा वेगळा असतो, कुणाचा निळसर, कुणाचा पिवळट. रंगाच्या कामात 6500 केल्विन, म्हणजे साधारण दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, हा ठराव मानतात. त्यासाठी पडद्यावर ठेवायचं एक छोटं मोजयंत्र मिळतं, ते रंग मोजून मॉनिटर ताळ्यावर आणतं. मी 27 इंची, 4के, आयपीएस पॅनेलचा (बाजूने पाहिलं तरी रंग फारसा न बदलणारा) मॉनिटर आणि ते यंत्र दोन्ही घेतलं. मोठ्या प्रोसेसरचे वाचलेले पैसे इथे घातले आणि त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही. पडदाच चुकीचा रंग दाखवत असेल तर बाकी सगळं मशीन चुकीचं काम वेगाने करणार. डोळ्यांचं म्हणशील तर या मॉनिटरची चकाकी कमी आहे, आणि त्याचा उजेड मी खोलीच्या उजेडाइतकाच ठेवते. दर अर्ध्या तासाने उठते. खरंच उठते, आई.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही "कर एकदा काहीतरी" म्हणून ज्या पत्र्याच्या डब्याकडे बोट दाखवता, बाबा, त्यातल्या निगेटिव्ह मला या मशीनवर आणायच्या आहेत. मागच्या वेळी मी मोजल्या, साधारण सत्तर रोल आहेत. 35 मिलिमीटरची एक निगेटिव्ह इंचाला 4000 ठिपक्यांनी स्कॅन केली की दोन कोटींहून जास्त ठिपके होतात, आणि 16 बिटमध्ये ती एक फाइल जवळपास 130 एमबीची बनते. छत्तीसचा रोल म्हणजे साडेचार जीबीच्या वर. सगळे मिळून सव्वातीनशे जीबी. त्यासाठी 4 टीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क कामाला ठेवली आहे, आणि दोन साध्या हार्ड डिस्क प्रतींसाठी. एकाच मशीनमध्ये दोन डिस्कवर आपोआप तेच साठवलं की झालं, असं मी पूर्वी मानायचे. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते. जाणते लोक तीन प्रती ठेवायला सांगतात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात.

ते दुसरं घर तुमचं. एक हार्ड डिस्क तुमच्या कपाटात, मधल्या खणात, कागदपत्रांच्या वर राहील. ती कशाला जोडायची नाही, फक्त ओल लागू द्यायची नाही. मी येईन तेव्हा नवी ठेवून जुनी नेत जाईन.

तोवर डबा एकदा उघडून पाहा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर त्या फिल्मचा पाया कुजायला लागला आहे. असे रोल बाकीच्यांपासून लगेच वेगळे करा, मी आल्यावर पहिले तेच घेईन. निगेटिव्ह कापडाने पुसू नका, कडांना धरूनच उचला. आणि आई, कुठल्या पाकिटात कोण आहे हे तुला जेवढं आठवतं, ते पेन्सिलने पाकिटावर लिहून ठेव. फिल्म आधी बाहेर काढ, मग लिही. फाइलींना मला तीच नावं द्यायची आहेत.

तुमची,
धाकटी