पॅलेस्टिनी स्वयंसेवकांचीही दखल घ्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाझाच्या बातम्यांत पॅलेस्टिनी माणूस बहुधा अन्नासाठी भांडे पुढे करून उभा असलेला दिसतो. पातेल्यापाशी डाव घेऊन वाढणाराही पॅलेस्टिनीच, आणि अनेकदा स्वतः विस्थापित असतो, याची नोंद मात्र क्वचितच होते.

ऑलिव्हची तोडणी किंवा घराचा स्लॅब यांसारखी कामे गावाने मिळून, मजुरी न घेता उरकायची ‘औना’ ही तिथली जुनी रीत आहे. आपल्या इर्जिकीची ती सख्खी बहीणच. 1970च्या दशकात पश्चिम किनारा (वेस्ट बँक) या पॅलेस्टिनी प्रदेशातील रामल्ला शहराच्या परिसरातील तरुणांनी स्वयंसेवी कार्यसमित्या काढून या रीतीला संघटित रूप दिले. बिर्झैत विद्यापीठाने तर पदवीसाठी 120 तासांचे समाजकार्य आवश्यक ठरवले. 1987 साली पहिला इंतिफादा, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धचा जनउठाव, सुरू झाला आणि इस्रायली लष्कराच्या आदेशाने शाळा बंद पडल्या, तेव्हा मोहल्ल्यांतील समित्यांनी घराघरांत वर्ग भरवले, परसात भाज्या लावल्या, संचारबंदीत धान्य पोहोचवले. इस्रायलने 1988 मध्ये या समित्यांवर बंदी घातली, यावरूनच त्यांचा प्रभाव लक्षात यावा.

इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातील 1993च्या ओस्लो करारानंतर मात्र परदेशी देणग्यांचा ओघ वाढला आणि अनेक समित्यांची जागा पगारी कर्मचाऱ्यांच्या संस्थांनी घेतली. कोणते काम हाती घ्यायचे, हे गावाच्या गरजेपेक्षा प्रकल्पाच्या मुदतीवर ठरू लागले. बेकारीने गांजलेले पदवीधर अनुभवाच्या प्रमाणपत्रासाठी स्वयंसेवक होऊ लागले, यात त्यांना दोष देता येणार नाही. यांतील काही संस्थांनी आरोग्यसेवेत मोलाचे कामही केले आहे. पण गावकऱ्याची ओळख ‘लाभार्थी’ अशी होत गेली, हे नुकसान मला मोठे वाटते.

ऑक्टोबर 2023 पासून गाझातील लोक तंबूंत शाळा आणि सामुदायिक स्वयंपाकघरे चालवत आहेत, तर पश्चिम किनाऱ्यावर तिथे वसाहती करून राहणाऱ्या इस्रायलींच्या हल्ल्यांची भीती असलेल्या कुटुंबांसोबत स्वयंसेवक ऑलिव्ह तोडायला जात आहेत. या कामात जीव जातो. मार्च 2025 मध्ये गाझातील रफाहमध्ये इस्रायली सैन्याच्या गोळीबारात रेड क्रेसेंट (रेड क्रॉससारखी मदतसंस्था) या संस्थेच्या आठ जणांसह 15 मदतकर्मी मारले गेले.

आपल्या दैनिकाने वृत्तसंस्थांच्या छायाचित्रांपलीकडे जाऊन या स्वयंसेवकांच्या कामावर सविस्तर लेख प्रसिद्ध करावा, अशी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे